वडशाच्या नाटक कंपन्यांत एक दिवस

आमच्या भंडारा जिल्ह्यात धान बांधीतून घरी आले की चौकाचौकांत एकच प्रश्न असतो : औंदा नाटक कोणते? हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा आहे असे समजून आपल्यातल्या शिकलेल्या माणसांनी तो आजवर बाजूला ठेवला. मीही ठेवला होता. वीस-बावीस वर्षे शाळेत शिकवताना आणि शिबिरांत दलित साहित्यावर बोलताना 'सांस्कृतिक परिवर्तन' हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल याचा हिशेब नाही. पण माझ्या स्वतःच्या गावात दरवर्षी शेकडो माणसे थंडीत रात्रभर बसून जे पाहतात ते कोण निवडतो, कोण विकतो, त्याचा पैसा कोठे जातो, हे मी कधी विचारले नव्हते. गेल्या दसऱ्यानंतर आमच्या वस्तीतली दोन पोरे घरी आली. म्हणाली, "गुरुजी, मंडळाचे लोक नाटक ठरवाले वडशाले चालले. आमीबी जातो. तुमी चाला संगं." त्या दिवशी जे पाहिले आणि नंतर विचारून घेतले ते इथे मांडतो आहे.

वडसा म्हणजे सरकारी कागदावरचे देसाईगंज. पूर्वी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. भंडारा, त्यातून १९९९ साली निघालेला गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख. यालाच झाडीपट्टी म्हणतात. जिल्ह्यांच्या सीमा सरकारने आखल्या, बोली आणि नाटक त्या सीमा मानत नाही. लाखांदूरचा माणूस नाटक ठरवायला भंडाऱ्याला जात नाही, वडशाला जातो. वडसा गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर आहे. वैनगंगेच्या पुलापलीकडे ब्रह्मपुरी, उत्तरेला लाखांदूर-साकोलीचा रस्ता, दक्षिणेला आरमोरी. ज्या गावातून संध्याकाळी सामानाची गाडी कोणत्याही दिशेने निघू शकते आणि नाटक संपवून सकाळी परत येऊ शकते, त्या गावात नाटक कंपन्या वसाव्यात यात नवल नाही. कलेचा इतिहास लिहिणारे रस्ता आणि रेल्वे यांना फारशी जागा देत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मोठ्या शहरांत कलेचा म्हणून एखादा भाग असतो. मुंबईच्या काळा घोडा भागात जहांगीर कलादालन आहे, १९९९ पासून तिथे दरवर्षी महोत्सव भरतो. तिथे लोक कला पाहायला जातात. वडशाला गेलो तर नाटक दिसत नाही. दिसतात ती बाजाराच्या आसपासच्या रस्त्यांवरची एका खोलीची कार्यालये. दारावर कंपनीचा फलक, भिंतीवर रंगीत जाहिराती, त्यांवर नटनट्यांचे चेहरे, आत एक टेबल, चार-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबलावर तारखांची वही. त्या वहीत झाडीपट्टीच्या हिवाळ्याची एकेक रात्र विकलेली असते. महाराष्ट्रात याला तोड असेल तर ती पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावची. तिथेही हंगामापूर्वी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रेवाले येऊन सुपारी देतात.

पण दोहोंत एक फरक आहे. तो आपल्या वाचकांनी नीट पाहावा. तमाशात जात उघड असते. महार, मांग, कोल्हाटी या जातींच्या माणसांनी तो फड पिढ्यान्‌पिढ्या उभा ठेवला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावातच जात होती. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातचा सन्मान मिळूनही त्यांचे शेवटचे दिवस हलाखीचे गेले. नाचणारे खालचे, पाहणारे आणि पैसा टाकणारे वरचे, अशी ती सरळ मांडणी. झाडीपट्टीचे नाटक असे एका जातीच्या अंगावर पडलेले नाही. ते मुळात गावानेच केले. शेतकरी, मजूर, शिंपी, मास्तर यांनी तोंडाला रंग लावला आणि स्त्रीची कामेही पुरुषांनीच केली. पुढे स्त्रियांच्या कामांसाठी नागपूरकडून नट्या बोलावल्या जाऊ लागल्या, दिग्दर्शक भाड्याने आले, आणि अखेर साराच प्रयोग तयार विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. म्हणून इथे जात दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नसते असे मात्र नव्हे.

माझे वडील मंडईच्या दंडारीत ढोलकी वाजवीत. भाऊबीजेपासून झाडीत गावोगाव मंडई भरते. त्या मंडईत दंडार आणि खडी गंमत हे आमच्या भागाचे जुने खेळ. खडी गंमत म्हणजे उभ्याने केलेली गंमत. शाहीर, ढोलकीवाला आणि लुगडे नेसलेला नाच्या रात्रभर उभे. आमच्या गावात दंडार पाटलाच्या वाड्यापुढे होई. वडील वाजवायला मधोमध असत. त्यांची बायको-पोरे, म्हणजे आम्ही, मात्र गोठ्याच्या भिंतीशी, सगळ्यांच्या मागे उभे. ढोलकी मध्ये चालत होती, माणूस चालत नव्हता. तिकिटाचे नाटक आले तेव्हा हे मोडले, हे मला मान्य केले पाहिजे. पैसे टाकले की खुर्ची मिळते, त्या खुर्चीवर कोण बसला हे तिकीट विचारत नाही. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा पाटलिणीच्या शेजारी बसून काही पाहिले असेल तर ते नाटक. अर्थात ती खुर्चीवर क्वचितच बसली. रोवणी आणि कापणीच्या मजुरीतून जमिनीवरचे तिकीट परवडे.

ज्यांनी ही रात्र पाहिली नाही त्यांच्यासाठी ती थोडी सांगतो. धान निघाल्यावर रिकाम्या झालेल्या बांधीत किंवा गावाबाहेरच्या जागेत जमीन खोदून उतार करतात. एका टोकाला मातीचा उंच मंच, समोर खाली उतरत गेलेली बसायची जागा, भोवती पडदे आणि पत्रे. पक्के नाट्यगृह नसलेल्या खेड्याने कुदळ-फावड्याने केलेले हे नाट्यगृह. मागच्या माणसालाही पुढचे दिसावे ही सोय त्यात मातीनेच साधलेली असते. रंगवलेले पडदे, मंचापुढे वादक, बाजूला आडोशाला वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. मध्ये गाणी, विनोद, आता लावण्या आणि सिनेमाच्या चालींवरचे नाच. त्या रात्री गावात घरटी पाहुणा असतो. लग्न होऊन गेलेल्या लेकी येतात, मुली दाखवल्या जातात, सोयरिकी ठरतात. अनेक गावांत हे सारे शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना जोडलेले असते. दिवसा पट, रात्री नाटक. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा मोकळ्या झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत पटाचे निमित्त गेले तरी नाटक सुटले नाही, हे त्याच्या मुळांचे बळ म्हणायचे.

या नाटकाला पुण्या-मुंबईच्या रंगभूमीने फार काळ रंगभूमी म्हणूनच मोजले नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांना झाडीपट्टी सापडली. ते गडचिरोली जिल्ह्यातले शेतकरी आणि विनोदी नट, हजारो प्रयोग केलेले. त्यांच्या आधी आणि नंतरही कंपन्या चालल्या त्या धान विकून आणि मजुरी करून आलेल्या तिकिटाच्या पैशावर. 'अनुदानाशिवाय लोकरंगभूमी जगू शकत नाही' असे परिसंवादात म्हणणाऱ्याने एकदा वडशाच्या त्या वह्या पाहाव्यात.

आता व्यवहार. गावचे नाट्यमंडळ कंपनीकडे येते, तारीख आणि नाटक ठरवते, बयाणा देते, उरलेली रक्कम प्रयोगाच्या वेळी द्यायची. मंच, पत्रे, परवाने, कलावंतांचे जेवण हे बहुधा मंडळाने पाहायचे, तिकिटेही मंडळच विकते. पाऊस पडला, शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरे नाटक लागले, तर तोटा मंडळाचा. फायदा झाला तर तोही मंडळाचा. तो कोठे समाजमंदिराला जातो, कोठे शाळेच्या भिंतीला, कोठे देवळाला. आमच्या गावात तो सलग अनेक वर्षे देवळाच्या सभामंडपाला गेला. तिकिटे मात्र साऱ्या गावाने काढली होती आणि सर्वांत दाट गर्दी आमच्याच वस्तीची होती. खुर्ची विकत मिळाली, नाटक ठरवण्याच्या बैठकीतली जागा मिळाली नाही, असा हा हिशेब. पोरांची मागणी म्हणूनच लहान आणि नेमकी होती : बैठकीत वस्तीचे दोघे असावेत, जमाखर्च चौकात वाचावा, आणि उरलेल्या पैशातला वाटा वस्तीतल्या वाचनालयाला मिळावा.

कार्यालयात आम्ही सहा-सात जण बसलो. व्यवस्थापकाने नाटकांची यादी पुढे केली. नावांवरून नाटक कळावे अशीच ती असतात. आई, बहीण, माहेर, कुंकू, मातीचे उपकार. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी बहीण-भावाचे एक नाटक निवडले. पोरांपैकी एकाने विचारले, "यात आमच्यासारख्याचं काई आहे का?" व्यवस्थापक हसला नाही, याचे मला बरे वाटले. त्याने सरळ सांगितले की गरिबाचे आहे, सावकाराचे आहे, दारूचे आहे, हुंड्याचे आहे. "जातीचं नाई ठेवत, भाऊ. गाव फुटला की तिकीट फुटते."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. मी पाहिलेल्या झाडीपट्टीच्या नाटकांत शोषण आहे, चांगले रडवणारे आहे. कर्जापायी मेलेला शेतकरी आहे, नवऱ्याने टाकलेली बाई आहे. पण त्या नाटकांतल्या गरिबाला आडनाव नसते. सावकाराला असते, पाटलाला असते, इन्स्पेक्टरलाही असते, गरीब मात्र नुसता रामा किंवा शिवा. आमच्या भागात आडनाव ऐकले की माणसाची जात, वस्ती आणि विहीर कळते. समोर बसलेल्या प्रत्येकाला ते कळते, म्हणून मंचावर ते उच्चारायचे नाही असा हा न लिहिलेला करार आहे. या करारामुळे पाटलाचा पोरगाही रामासाठी रडतो आणि सकाळी उठून त्याच रामाच्या मजुरीवर घासाघीस करतो, कारण रात्रीचा रामा त्याच्या शेतातला नव्हता.

आपले मित्र इथे लगेच कंपनीवाल्यांना प्रतिगामी म्हणून मोकळे होतील. मला ते पुरेसे वाटत नाही. कंपनी विकते ते मंडळ विकत घेते. मंडळात जो बसतो त्याच्या भीतीपेक्षा मोठे नाटक वडशाच्या बाजारात येणार नाही. म्हणजे संहितेची किल्ली लेखकाच्या हाती जेवढी आहे तेवढीच, किंबहुना जास्त, गावच्या त्या बैठकीत आहे. आपण लेखकावर टीका करतो, पण बैठकीला जात नाही.

वस्तुतः लोक ज्याच्यासाठी रात्र जागवतात तोच खेळ हाती घ्यायचा आणि आतला मजकूर बदलायचा, ही युक्ती आपल्या परंपरेला नवी नाही. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले तेव्हा मधूनमधून विदूषक बोलता ठेवला. पुढे सत्यशोधक जलसेवाल्यांनी तमाशाचा गणच पालटला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे काढले ते याच वाटेने. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या पराभवाची आठवण आमच्या घरात सभांपेक्षा भजनी मंडळाच्या रूपाने जास्त उरली होती, कारण आजोबांना वाचता येत नव्हते, ऐकता येत होते. १९५६ च्या धर्मांतराच्या वेळी नागपुरात म. भि. चिटणीसांच्या 'युगयात्रे'चा प्रयोग झाला. त्यानंतर मात्र आपले नाटक हळूहळू सभागृहात, स्पर्धेत आणि एकांकिकेत गेले. त्यात मोठे काम झाले हे कोण नाकारील? प्रेमानंद गज्वी हे आमच्या झाडीचेच, मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले. त्यांची 'घोटभर पाणी' ही १९७७ ची एकांकिका कितीतरी भाषांत गेली, आणि २०१९ साली नागपूरच्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण 'घोटभर पाणी' ज्या तहानेबद्दल आहे ती तहान ज्या गावांत होती, तिथल्या मंडईच्या रात्री मी ती लागलेली पाहिलेली नाही. दोष एकांकिकेचा नाही. गावाला पहाटेपर्यंतचे नाटक हवे असते. पाऊण तासाची एकांकिका कितीही जळजळीत असली तरी बाराच्या थंडीत पाहुण्यांना घरी पाठवता येत नाही.

भाषेचेही असेच आहे. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत, पाणी 'पानी' होते, डोळा 'डोरा' होतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. मंचावर मात्र मी पाहिलेला नायक बहुधा पुस्तकी मराठी बोलतो, आणि झाडीबोली वाट्याला येते ती विनोदी गड्याच्या. लोक त्याच्यावरच सर्वांत जास्त प्रेम करतात हे खरे. पण ज्या बोलीत आपण रडतो, भांडतो, मेलेल्याला हाक मारतो, तिला फक्त हसण्यापुरते ठेवणे हे मला खटकते. दलित आत्मकथनांनी बोलीला दुःखाची प्रतिष्ठा दिली. ती झाडीच्या मंचावर अजून पोचायची आहे.

दुपारी आम्ही एका तालमीच्या जागी गेलो. धान्याच्या जुन्या गोदामासारखी खोली, पंखा एकच. एक नटी संवाद म्हणत होती, तिचे चार-पाच वर्षांचे पोर कोपऱ्यात पडद्याच्या गुंडाळीवर झोपले होते. तालीम थांबल्यावर ती आमच्याशी बोलली. दर प्रयोगाला ठरलेले पैसे, त्याला इथे 'नाइट' म्हणतात. नाइट झाली तर पैसे, प्रयोग रद्द झाला तर नाही. आजारपण, बाळंतपण, अपघात ज्याचे त्याने पाहायचे. हंगाम चार-पाच महिन्यांचा, बाकी वर्षभर मिळेल ते काम. कोरोनाच्या २०२० च्या हंगामात मंच उभे राहिले नाहीत तेव्हा तिने धुणीभांडी केली. राज्य शासनाची साहित्यिक-कलावंतांची मानधन योजना आहे, पण ती साधारणपणे पन्नाशीनंतरची, आणि नाइटवाल्या बाईचा गळा आणि गुडघे पन्नाशीपर्यंत टिकतीलच असे नाही. मी विचारले, गावात वागणूक कशी असते? ती म्हणाली, "बरी असते. पन उतरलो का पयले आडनाव इचारतात." नाटकातल्या गरिबाला नसलेले आडनाव नाटक करणाऱ्या बाईला द्यावे लागते. तिने काय सांगितले असे मी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

कायद्याची एक अडचण इथे नोंदवतो, कारण ती बहुतेकांना अर्धवट माहीत असते. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५ चा निकाल यांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत आवाज ठेवला तर मुभा आहे. म्हणजे शहरातल्या वातानुकूलित नाट्यगृहात मध्यरात्रीही नाटक चालू शकते. झाडीतला खोदलेला मंच मात्र दहालाच सुरू होतो, तो कायद्याच्या डोळ्यांत सुरुवातीपासूनच गुन्हा ठरतो. आजाऱ्याची आणि अभ्यास करणाऱ्या मुलाची झोप महत्त्वाची नाही असे मी म्हणत नाही, मी शिक्षक आहे. पण ज्याच्याकडे इमारत आहे त्याची कला कायदेशीर आणि ज्याच्याकडे नुसती जमीन आहे त्याची कला ठाणेदाराच्या मर्जीवर, ही विषमता ध्यानात घेण्यासारखी आहे. मर्जीवर जगणारी कला ठाणेदार, सरपंच, आमदार यांना व्यासपीठावर बोलावून हार घालते, आणि हार घातलेल्या माणसाविरुद्ध त्याच रात्री संवाद लिहिणे कठीण जाते. आडनाव गळण्याचे हेही एक कारण असावे.

आमच्या गावाचे पुढे काय झाले ते सांगतो. नाटक अध्यक्षांनी निवडले तेच ठरले, बहीण-भावाचे. तारीख जानेवारीतल्या पटाच्या रात्रीची मिळाली. वाचनालयाच्या वाट्याबद्दल अध्यक्ष म्हणाले, "पाहू." पोरांनी गावी परतल्यावर सांगून टाकले की जमाखर्च चौकात वाचण्याचे ठरत नाही तोवर वस्तीतून कोणी मंच खोदायला आणि दारावर तिकिटे तपासायला येणार नाही. खोदणारे हात दरवर्षी आमचेच असत, म्हणून हा निरोप लवकर समजला. चार दिवस कुजबुज झाली, मलाही शाळेत येऊन दोघांनी ऐकवले की गुरुजींनी पोरांना बिघडवले. नाटक झाले. पंधरा दिवसांनी चौकात हिशेब वाचला गेला, अडखळत का होईना. वाचनालयाला काही मिळाले नाही. यंदाच्या बैठकीचा निरोप मात्र वस्तीत आला, एका माणसाला.

वडशाहून निघण्यापूर्वी त्या तालमीतल्या प्रॉम्प्टरशी पोरांची गट्टी जमली होती. केस पिकलेला, पायात चप्पल तुटलेली, शेकडो नाटके ओठांवर असलेला माणूस. तालमी थोड्या, नाटके अनेक, त्यामुळे नटाला पुढचे वाक्य हाच देतो. मंचावर बोलला जाणारा प्रत्येक शब्द आधी याच्या कुजबुजीत असतो. त्याने आपली वही दाखवली. दोनशेवर पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, नाटकातली हसायची जागा लाल शाईने आणि टाळीची निळ्या शाईने खुणावलेली. त्याने समजावले की नाटक पहाटेपर्यंत ओढायचे असेल तर दोन गोष्टी समांतर चालवाव्या लागतात. विनोदी गडी तिसऱ्या प्रवेशाआधी आला नाही तर जमिनीवरचे प्रेक्षक उठतात, आणि मोठे रडणे रात्री दोननंतर ठेवायचे, कारण तेव्हा मुले झोपलेली आणि बाया मोकळ्या असतात. आमच्यातल्या एकाने विचारले, नवे नाटक कंपनीकडे कधी द्यायचे असते? तो म्हणाला, होळीला हंगाम संपतो, पोळ्यापर्यंत मालक वाचतात, दसऱ्याला फलक रंगतात. "लिहाचं असन तं पावसाळ्यात बसा. आन वही मोठी घ्या."